महसुली लिलाव रद्द करायचा असेल किंवा रद्द झाला असेल, तर आधी तारखा मोजा

थकबाकीपोटी तहसीलदारांनी जमीन लिलावात काढली आणि बोली झाली. आता खातेदाराला लिलाव रद्द करून हवा आहे, किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी तो रद्द केल्यामुळे बोलीदार अडकला आहे. अशा प्रकरणांत मुद्दा खरा असूनही मुदत हुकल्याने माणूस हरतो, आणि हे फार वेळा घडतं.

वकिलाकडे जाण्याआधी तहसील कार्यालयातून टिपणीसह पूर्ण संचिकेची प्रमाणित नक्कल मागा. नुसता आदेश घेऊन भागत नाही. मग एका कागदावर तारखा उतरवा: मागणी नोटीस, जप्ती, जाहीरनामा डकवला ती, बोली, 25 टक्के भरणा, उरलेला भरणा, विक्री कायम केल्याचा आदेश. नकलेच्या शिक्क्यात अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. ते पान फाटू देऊ नका. नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात आणि पुरावा तेवढाच असतो.

दोष बहुतेकदा जाहीरनाम्यात सापडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे स्थावराच्या विक्रीची नोटीस जिल्हाधिकारी कार्यालय, तहसील, गावची चावडी आणि थकबाकीदाराचं राहतं घर अशा चार ठिकाणी लावायची असते. यांतली सर्वांत शेवटची नोटीस लागली त्या दिवसापासून किमान 30 दिवस गेल्याशिवाय लिलाव करता येत नाही. रविवारी किंवा सार्वजनिक सुट्टीला तर नाहीच. पहिल्या नोटिशीपासून दिवस मोजले की सगळं नियमात दिसतं, म्हणून चारही पंचनामे शेजारी ठेवून बघा. एकाच दिवशी तेच दोन पंच जिल्ह्याच्या ठिकाणीही आणि चावडीवरही सही करून गेलेले दिसले, तर तो कागद अर्जाला जोडा.

मात्र नुसता दोष दाखवून लिलाव रद्द होत नाही. कलम 207 खालच्या अर्जात त्या दोषामुळे आपलं भरीव नुकसान झालं हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी त्या वर्षीचा रेडीरेकनर दर आणि लगतच्या गटांची त्याच सुमाराची खरेदीखतं जोडा. थकबाकी थोडी आणि विकलेलं क्षेत्र मोठं असेल, तर तुकडा विकूनही भागलं असतं हा मुद्दा आकड्यांनिशी मांडा.

हा अर्ज बोलीच्या तारखेपासून 30 दिवसांत द्यावा लागतो. लिलाव झाल्याचं कळलं तो दिवस किंवा आदेश हाती आला तो दिवस इथे धरत नाहीत.

याच 30 दिवसांत दुसराही रस्ता असतो आणि पैशांची सोय होत असेल तर तोच खात्रीचा. त्यात दोष दाखवावा लागत नाही. खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के, जाहीरनाम्यातली थकबाकी आणि विक्रीचा खर्च भरला की पुरे. बोली 20 लाखांची आणि थकबाकी 6 लाख असेल तर 1 लाख, 6 लाख आणि वर खर्च. चलन अर्जासोबतच हवं. ‘भरायला तयार आहे’ एवढं लिहून चालत नाही. दोन्हींपैकी एकच रस्ता निवडा, नाहीतर पैसे भरण्याचा अर्ज अडतो.

30 दिवस उलटले असतील तर विक्री कायम करणाऱ्या आदेशावर अपील करा. आदेश प्रांतांचा असेल तर 60 दिवस, जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर 90. त्यालाही उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि प्रत्येक टप्प्याचं कारण कागदासह द्या. ‘अर्जदार अशिक्षित आहे’ हे वाक्य एकटं टिकत नाही. समोरचा वकील फेरफाराची नोटीस काढतो, मधल्या काळात पीककर्जासाठी काढलेला सातबारा काढतो आणि विचारतो, तेव्हा नाव बदललेलं दिसलं नाही का? हे कागद आधी स्वतः शोधा. लिलावातल्या खरेदीदाराला पक्षकार करा आणि पहिल्याच दिवशी स्थगिती मागा. त्याने जमीन पुढे विकली की उशिराचं ओझं दुप्पट होतं.

दिवाणी दावा हा बहुतेकांचा सापळा आहे. 1876 च्या महसूल अधिकारिता अधिनियमाने अनियमिततेच्या कारणावरून महसुली विक्री रद्द करण्याचे दावे दिवाणी कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. फसवणूक हा अपवाद. त्या दाव्याची मुदत विक्री कायम झाल्यापासून 1 वर्ष. फसवणूक दडवली गेली असेल तर ती उघड झाल्यापासून, पण ती कशी आणि कधी कळली हे तारखेसह लिहावं लागतं.

आता बोलीदाराची बाजू. सर्वांत मोठी बोली लावल्याने हक्क मिळत नाही. नागपूर सुधार प्रन्यासच्या भूखंडाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हेच सांगितलं. पण कलम 208 खाली जिल्हाधिकारी स्वतःहून विक्री रद्द करत असतील तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. ‘जास्त किंमत आली असती’ एवढंच लिहिलं असेल तर अपिलात तिथेच बोट ठेवा. विक्री कायम झाल्यावर वर्षांनी वरिष्ठांनी ती रद्द केली तर सर्वोच्च न्यायालयाचा 1969 चा पाटील राघव नाथा निकाल दाखवा: कायद्यात मुदत लिहिलेली नसली तरी पुनरीक्षणाचा, म्हणजे खालचा आदेश वरिष्ठांनी तपासून बदलण्याचा, अधिकार वाजवी काळातच वापरावा लागतो. आदेशाविरुद्ध लढत असतानाच भरलेली रक्कम परत मागणारा अर्ज चलन क्रमांकासह देऊन पोच घ्या, आणि त्यात ‘अपिलाचा हक्क राखून’ हे शब्द लिहा. ते नसतील तर पैसे घेतले म्हणजे रद्द होणं मान्य केलं, असा युक्तिवाद होतो.