शताब्दीची तबकडी विकत घेण्यापूर्वी

गायकाची जन्मशताब्दी आली किंवा एखाद्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेला पन्नास वर्षे झाली, की जुन्या गायनाच्या एलपी, म्हणजे दीर्घकाळ वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या, नव्या वेष्टणात बाजारात येतात आणि ज्याच्या कपाटात मूळ प्रत आधीपासून आहे त्यालाही त्या खुणावू लागतात. वसंतराव देशपांडे यांची शताब्दी २०२० साली झाली, भीमसेन जोशी यांची २०२२ साली, कुमार गंधर्व आणि मोहम्मद रफी यांची २०२४ साली. लता मंगेशकर यांची २०२९ साली येईल. वसंतराव मूर्तिजापूरचे, त्यामुळे त्यांच्या नावाची कोणतीही आवृत्ती दिसली की आम्हा वऱ्हाडातल्या माणसांचा हात खिशाकडे जातो, हे मी स्वतःवरून सांगतो. परंतु एका नव्या एलपीला दोन-तीन हजार रुपये सहज लागतात, आणि कापसाचा चुकारा हातात पडल्याशिवाय असा खर्च ज्या घरात निघत नाही तेथे खरेदीपूर्वी थोडी चौकशी केलेली बरी.

सर्वांत आधी नवी प्रत कशावरून काढली आहे, हे शोधावे. मूळ टेप, त्या टेपची नक्कल, सीडीच्या काळात तयार केलेली डिजिटल फाइल, किंवा चक्क एखादी जुनी तबकडी वाजवून घेतलेले मुद्रण, यांपैकी काहीही असू शकते. ज्या कंपनीने मूळ टेपवर काम केले आहे ती ते वेष्टणावर ठळकपणे सांगते, मास्टरिंग करणाऱ्याचे, म्हणजे छपाईसाठी अंतिम ध्वनिप्रत (मास्टर) तयार करणाऱ्याचे, नावही देते. जेथे केवळ ‘नव्याने सुधारित’ एवढेच छापलेले असते तेथे विक्रेत्याला लेखी विचारावे आणि उत्तर गोलमोल आले तर थांबावे. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६४ सालापर्यंत निघालेल्या मुद्रिकांवरील हा हक्क २०२४ अखेर संपला आहे. काव्य आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात हे खरे, पण ध्वनिमुद्रणापुरती आडकाठी उरत नसल्यामुळे ज्याच्याकडे टेप कधीच नव्हती असा प्रकाशकही आता अशी आवृत्ती काढू शकतो, आणि त्याला ती बाजारात मिळालेल्या तबकडीवरून किंवा सीडीवरूनच काढावी लागते.

डिजिटल हा शब्द वाचून मात्र लगेच नाक मुरडू नये. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी ही या क्षेत्रातील अत्यंत नावाजलेली कंपनी. तिच्या अनेक आवृत्त्यांत मूळ टेप आणि तबकडी यांच्यामध्ये डिजिटल पायरी होती हे २०२२ साली उघड झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. तोपर्यंत याच आवृत्त्यांची भलेभले जाणकार वाखाणणी करीत होते. टेपवरून काळजीपूर्वक केलेली डिजिटल प्रत ही झिजलेल्या तबकडीच्या नकलेपेक्षा केव्हाही सरस असते. १८० ग्रॅम वजनाची जाहिरातही अशीच तोलून घ्यावी. जाड तबकडी जरा ताठ राहते, पण मास्टर वाईट असेल तर वजनाने आवाज सुधारत नाही.

गायनाच्या बाबतीत माझी कसोटी तंबोरा ही आहे. जुन्या टेपवरील फुसफुस काढून टाकण्याच्या नादात वरच्या पट्टीतील सूक्ष्म ध्वनी खरवडले जातात, आणि त्यात पहिला बळी जातो तो जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांतून उमटणाऱ्या गुंजनाचा. गायक दोन आवर्तनांच्या मध्ये थांबतो त्या क्षणी मागचा तंबोरा जिवंत झंकारत असेल तर काम करणाऱ्याने हात आवरला आहे असे समजावे. तो कापूस कोंबल्यासारखा बद्द वाटत असेल किंवा गायक थांबताच आवाजासकट नाहीसा होत असेल, तर ती आवृत्ती कितीही स्वच्छ असली तरी घेऊ नये. दुसरे लक्ष मंद्र सप्तकातील आलापाकडे द्यावे. हळू आवाज वर आणून आणि मोठा दाबून सर्व काही एका उंचीचे केले असेल, तर पुकार आणि कुजबुज यांतील अंतरच उरत नाही. कंपनीने तीच नवी आवृत्ती मोबाइलवर ऐकण्यासाठी उपलब्ध केली असेल तर रात्री नेटवर्क मोकळे झाल्यावर हेडफोन लावून या दोन जागा ऐकाव्यात. मोबाइलवरचे मास्टर तबकडीहून वेगळे असू शकते, पण जवारी तेथेच मेलेली असेल तर पुढे फारशी आशा ठेवू नये.

पट्टीही पेटीवर पडताळून पाहावी. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सूर एका श्रुतीने नव्हे, तर पूर्ण अर्ध्या स्वराने चढतो आणि काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. लाखेच्या जुन्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या असतीलच असे नसते, म्हणून त्यांच्यावरून केलेल्या संकलनांत हा दोष अधिक आढळतो. एचएमव्हीच्या जुन्या शास्त्रीय एलपींवर ‘ईएएलपी’ अक्षरांचा क्रमांक मोनोचा, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाचा, आणि ‘ईएएसडी’चा स्टीरिओचा, म्हणजे डाव्या-उजव्या दोन मार्गांचा असे. मूळ मुद्रण मोनो असताना नव्या वेष्टणावर स्टीरिओ लिहिलेले दिसले, तर एकच आवाज यंत्राने दोन बाजूंना फाकवला आहे का, ते विचारावे.

यानंतर आपल्याजवळच्या प्रतीचा हिशेब करावा. आमच्या भागात जुन्या एलपी बहुतेक वेळा बिछायत केंद्रांकडून (मंडपाचे साहित्य भाड्याने देणाऱ्यांकडून) किंवा भंगारातून मिळतात, आणि लग्नाच्या मंडपात जड सुईखाली शेकडो वेळा वाजलेल्या तबकडीत खाचा अशा घासलेल्या असतात की धुऊनही तारसप्तक फाटतेच. या झिजेचा घाव नेमका वर्मी बसतो, कारण एका बाजूला ख्याल असला की विलंबित बाहेरच्या खाचांत आणि द्रुत ताना आतल्या खाचांत येतात, आणि आत सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग बाहेरच्यापेक्षा निम्म्याहून कमी झालेला असतो. भरगच्च तान अपुऱ्या जागेत कोरलेली असते. ती नव्या तबकडीवरही थोडी बिघडते, मग झिजलेल्या तबकडीवर तिचे काय होत असेल हे सांगायला नको. तुमच्या प्रतीत शेवटची तान स्वच्छ येत असेल तर नवी घेण्याची घाई नाही. फाटत असेल तर टेपवरून केलेली नवी आवृत्ती घ्यावी. आतल्या खाचांतील अपुऱ्या जागेवर उपाय म्हणून काही कंपन्या मिनिटाला ४५ फेऱ्यांची दोन तबकड्यांची आवृत्ती काढतात. भावगीतांसाठी ती उत्तम, परंतु ख्यालाच्या मधोमध उठून बाजू पालटावी लागते, हे मला तरी सहन होत नाही.

जादा साहित्याने फार भुलू नये. वेळेअभावी मूळ एलपीत कापलेला भाग परत जोडला असेल किंवा पूर्वी न छापलेली तबला, पेटी आणि तंबोऱ्याच्या साथीदारांची नावे पुस्तिकेत दिली असतील, तर त्याला मोल आहे. क्रमांक घातलेल्या मर्यादित प्रती आणि चकचकीत छायाचित्रे यांना ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काही किंमत नाही.

घ्यायचे ठरलेच तर दिवाळी ते संक्रांत या काळात मागवावे. एका वर्षी मी मे महिन्यात एलपी मागवली. पार्सल तालुक्याच्या गावी पत्र्याच्या गोदामात तीन दिवस पडून राहिले आणि हातात आली ती कडेने पापडासारखी वळलेली तबकडी. एलपीचे प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत किंवा पत्र्याखाली तेवढे तापमान होणे अवघड नाही. कुलरच्या झोतासमोर कपाट ठेवू नये, ओलाव्याने वेष्टणाला बुरशी धरते.

पार्सल उघडतानाच मोबाइलवर चित्रण करावे, म्हणजे परत पाठवण्याची वेळ आली तर वाद होत नाही. तबकडी सपाट आरशावर ठेवून कड उचलली आहे का ते पाहावे, मग ती लावून सुईची दांडी निरखावी. प्रत्येक फेरीला दांडी डावी-उजवीकडे झुलत असेल तर मधले भोक केंद्रातून सरकलेले आहे. सिनेगीतात हा दोष चटकन लक्षात येत नाही, पण तंबोऱ्याचा षड्ज झोका घेतल्यासारखा खालीवर होतो, आणि अशी प्रत परताव्याची मुदत संपण्याआधी त्याच आठवड्यात परत धाडावी.