दुसरं महायुद्ध समजून घेताना या चुका टाळा

‘दुसऱ्या महायुद्धाची कारणं लिहा.’ या प्रश्नाची उत्तरं मी इतकी वाचली आहेत की पुढची ओळ आधीच कळते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा अपमानास्पद तह, हिटलरची महत्त्वाकांक्षा, युद्धं टाळण्यासाठी स्थापन झालेला पण दुबळा राष्ट्रसंघ, पोलंडवर हल्ला. यातलं काहीच खोटं नाही, पण एवढ्यावरून युरोप, आफ्रिका आणि आशियात जर्मनी, इटली आणि जपान या तीन देशांनी आपापल्या कारणांनी चालवलेली भूमी बळकावण्याची मोहीम एकाच महायुद्धात कशी जाऊन मिळाली, हे कळत नाही. ते न कळण्यामागे काही ठरावीक चुका आहेत.

चूक १ : १ सप्टेंबर १९३९ पासून मोजायला लागणं

सुरुवात करायचीच असेल तर १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्रीपासून करा. त्या रात्री चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियातल्या मुकदेनजवळ जपानच्याच रेल्वेमार्गावर स्फोट झाला. तो घडवला तिथे तैनात असलेल्या जपानच्या क्वांटुंग सेनेतल्या अधिकाऱ्यांनी. नुकसान इतकं किरकोळ होतं की थोड्या वेळाने त्याच रुळांवरून गाडी सुखरूप गेली. तरी खापर चिनी सैनिकांवर फुटलं आणि दुसऱ्या दिवशी मुकदेन जपानी सैन्याच्या हातात होतं. टोकियोतलं सरकार प्रकरण आवरायला पाहत होतं, पण सीमेवरचं सैन्य ऐकत नव्हतं. मार्च १९३२ मध्ये चीनच्या पदच्युत सम्राटाला, पूयीला, पुढे करून ‘मांचुकुओ’ नावाचं बाहुलं राज्य उभं राहिलं.

राष्ट्रसंघाने चौकशीसाठी लिटन आयोग नेमला. आयोगाने पाहणी करून अहवाल दिला. फेब्रुवारी १९३३ मध्ये मतदान झालं : जपानच्या विरोधात ४२, बाजूने १, आणि ते एक मत जपानचंच. जपानचे प्रतिनिधी मात्सुओका सभागृहातून उठून गेले, पुढच्या महिन्यात जपानने संघही सोडला. त्यापलीकडे काही झालं नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, असं आपण म्हणतो ते इथे अक्षरशः लागू पडतं. रोममध्ये आणि बर्लिनमध्ये हा सगळा प्रकार नीट पाहिला जात होता.

जुलै १९३७ मध्ये जपान-चीन उघड युद्ध सुरू झालं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले ते १९३८ साली, म्हणजे पोलंडवर पहिला गोळा पडण्याच्या वर्षभर आधी. त्यांचं नाव आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, तरी युद्धाचं साल विचारलं की आपण १९३९ च सांगतो!

चूक २ : सगळं व्हर्सायच्या खुंटीला टांगणं

ही चूक पटकन सुधारता येते. पहिल्या महायुद्धात इटली आणि जपान कोणत्या बाजूला होते? जिंकणाऱ्यांच्या. व्हर्सायला ते विजेते म्हणून बसले होते. हवं तेवढं मिळालं नाही ही त्यांची कुरकुर होती, पण पराभवाची जखम नव्हती. जर्मनीचं म्हणाल, तर परकीय फौजा जर्मनीच्या पश्चिमेकडच्या ऱ्हाईनलँडमधून १९३० सालीच, ठरल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी, निघून गेल्या होत्या आणि युद्धखंडणीचा प्रश्न १९३२ च्या लोझान परिषदेत जवळपास निकालात निघाला होता. हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला तो त्यानंतर, ३० जानेवारी १९३३ रोजी. तहाचा राग त्याने प्रचारात पुरेपूर वापरला, पण त्या रागावर रणगाडे चालत नाहीत.

रणगाडे पैशावर चालतात, आणि हा भाग उत्तरांतून नेहमी गळतो. जर्मनीने शस्त्रनिर्मितीचा खर्च ‘मेफो’ नावाच्या हुंड्यांवर, म्हणजे पैसे नंतर देण्याच्या वचनचिठ्ठ्यांवर, चालवला. एका नाममात्र कंपनीच्या नावाने कागद फिरायचे आणि कर्ज सरकारी हिशेबात दिसायचं नाही. १९३८ पर्यंत असे सुमारे १२ अब्ज राइशमार्क उभे झाले. शस्त्रांसाठी लोखंडाचं खनिज, तेल आणि रबर बाहेरून आणावं लागे आणि त्यासाठी लागणारं परकीय चलन सतत तुटपुंजं. १९३६ मध्ये हिटलरने चार वर्षांची योजना आखली. सैन्य आणि अर्थव्यवस्था चार वर्षांत युद्धाला सज्ज झाली पाहिजे, ही त्या योजनेची मुदत. जर्मनीची मध्यवर्ती बँक असलेल्या राइशबँकेचे प्रमुख शाख्ट यांनी हा खर्च थांबवा असं लेखी सांगितलं, तेव्हा जानेवारी १९३९ मध्ये त्यांनाच पदावरून जावं लागलं.

अशा तिजोरीला शेजाऱ्याची तिजोरी खुणावते. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर तिथल्या मध्यवर्ती बँकेचं सोनं आणि परकीय चलन बर्लिनला गेलं. त्याने काही महिने भागलं. मग पुढचं घर.

चूक ३ : ‘देशाला गरज होती म्हणून विस्तार केला’ यावर विश्वास ठेवणं

आक्रमक देश हेच सांगतो, आणि आपण तेच उत्तरात उतरवतो. जपानच्या बाबतीत ही गरज कशी वाढत गेली ते पाहा. कच्च्या मालासाठी मांचुरिया घेतला. मांचुरिया सुरक्षित राहावा म्हणून उत्तर चीनकडे सरकले. चीन शरण येईना, तेव्हा त्याची रसद तोडायला सप्टेंबर १९४० मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातल्या इंडोचीनच्या (आजचा व्हिएतनाम आणि शेजार) उत्तर भागात आणि जुलै १९४१ मध्ये दक्षिण भागात सैन्य घुसवलं. त्यावर अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल बंद केलं. जपानला लागणारं जवळपास ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होतं! आता तेल उरलं डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात. तिथे जाणाऱ्या वाटेवर अमेरिकेचं फिलिपिन्स आणि ब्रिटिशांचं सिंगापूर. म्हणून आधी अमेरिकेचं आरमार निकामी करायचं ठरलं आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरच्या अमेरिकी नौदलतळावर हल्ला झाला.

स्वावलंबी व्हायला निघालेला देश दहा वर्षांत आपल्या तेल पुरवणाऱ्यावरच बाँब टाकून बसला. प्रत्येक पाऊल आधीचं पाऊल सावरण्यासाठी पडलेलं होतं.

यात इशिवारा कांजी या माणसाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. मुकदेनचा कट शिजवणाऱ्यांपैकी हा एक. १९३७ साली तोच टोकियोत सेनामुख्यालयाच्या मोहीम विभागाचा प्रमुख होता आणि चीनमधलं युद्ध वाढवू नका म्हणून जीव तोडून सांगत होता. कोण ऐकणार? वरिष्ठांना न विचारता भूमी काबीज केली की शिक्षा होत नाही, बढती मिळते, हा धडा त्यानेच घालून दिला होता. त्याआधी, मे १९३२ मध्ये, पंतप्रधान इनुकाई यांना नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना सौम्य शिक्षा झाल्या. ज्या सरकारला आपल्याच सैन्याची भीती वाटते, ते सैन्याला आवरणार कसं?

चूक ४ : जर्मनी, इटली, जपान ही पहिल्यापासून एकच टोळी होती असं धरणं

नव्हती. जुलै १९३४ मध्ये ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरचा नाझींनी खून केला, तेव्हा इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीकडे सैन्य धाडलं, तेही हिटलरला अडवायला. १९३८ पर्यंत जर्मन लष्करी सल्लागार चिनी सैन्य घडवत होते, ते जपानशी लढायला.

मग हे एकत्र कसे आले? वळण इथिओपियाचं. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला. राष्ट्रसंघाने निर्बंध लादले, पण त्यातून नेमकं तेल वगळलं, आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुला राहिला. म्हणजे मुसोलिनी चिडला, पण अडला नाही. निर्बंधांची याहून वाईट तऱ्हा शोधून सापडणार नाही. सगळ्यांची नजर तिकडे असताना ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने ऱ्हाईनलँडमध्ये, जिथे सैन्य ठेवायला व्हर्सायच्या तहाने बंदी होती, सैन्य घातलं. मे महिन्यात इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा पडली, जुलैत निर्बंध उठले आणि चिडलेला इटली जर्मनीच्या बाजूला सरकला.

पुढे १९४० मध्ये या तिघांचा त्रिपक्षीय करार झाला, तरीही जर्मनीने जून १९४१ मध्ये रशियावर हल्ला केला तेव्हा जपान त्यात उतरला नाही. एकाने केलेल्या गोंधळात दुसऱ्याला वाट मिळत गेली, असं वाचलं तर घटनाक्रम नीट लागतो.

चूक ५ : म्युनिकचं उत्तर ‘चेंबरलेन भित्रा होता’ एवढ्यात संपवणं

म्युनिक करारात ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सीमेवरचा सुडेटनलँड हिटलरला देऊन टाकला. लोकांना युद्ध नको होतं, विमानहल्ल्यांची धास्ती होती, शस्त्रसज्जता अपुरी होती. भित्रेपणाच्या शिक्क्याखाली हे सगळं झाकलं जातं. आणि खरी चूकही झाकली जाते. ती हिशेबाची होती.

सप्टेंबर १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाकडे ३० हून अधिक डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या), सीमेवरच्या डोंगरांत पक्की तटबंदी आणि स्कोडासारखे शस्त्रकारखाने होते. म्युनिकच्या टेबलावर त्या देशाला खुर्चीच नव्हती. सुडेटनलँडबरोबर तटबंदी गेली, आणि १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरल्यावर कारखानेही गेले. १९४० मध्ये फ्रान्समध्ये मुसंडी मारणाऱ्या जर्मन सेनापती रोमेलच्या डिव्हिजनमधले बरेच रणगाडे चेक बनावटीचे होते. सोव्हिएत रशियाच्या स्टालिनलाही म्युनिकला बोलावलं नव्हतं. त्याने ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलरशीच करार केला.

चूक ६ : तीच किल्ली प्रत्येक कुलपाला लावणं

एखाद्या देशाने डोळे वटारले की ‘पुन्हा म्युनिक नको’ ही आरोळी उठते. तुलना करण्याआधी दोन गोष्टी तपासा. आधी बळकावलेल्या भूमीमुळे त्या देशाची भूक शमली आहे की पुढच्या घासाची निकड वाढली आहे? आणि सैन्याला ‘नको’ म्हणणारं कुणी त्या देशात उरलं आहे का?

ही तपासणी न करणारा नवशिक्याच असतो असं नाही. आक्रमकांना सवलती देऊन शांत ठेवण्याच्या, म्हणजे तुष्टीकरणाच्या, धोरणावर नाराज होऊन १९३८ मध्ये ब्रिटनचं परराष्ट्रमंत्रिपद सोडणारे अँथनी ईडन १९५६ साली पंतप्रधान होते. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केल्यावर ईडन यांना नासरमध्ये मुसोलिनी दिसला. ब्रिटन आणि फ्रान्सने इजिप्तवर सैन्य उतरवलं, अमेरिकेच्या दबावाखाली ते माघारी बोलवावं लागलं आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन पायउतार झाले. नासरने कुणाची सीमा ओलांडली नव्हती. कालवा इजिप्तच्याच भूमीवर होता.