कथा अर्ध्यावर अडते तेव्हा: या चुका टाळा

कथा लिहू पाहणाऱ्या बहुतेकांच्या वहीत नाहीतर फोनमध्ये दोन-तीन पानांवर थांबलेल्या चार-पाच कथा सापडतात. का थांबल्या विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘मला काही जमत नाही बुवा.’ ही तक्रार इतकी मोघम आहे की तिच्यावर इलाजच करता येत नाही. काय जमत नाही, कोणत्या पानावर, कोणत्या पात्राचं, असं खोदून विचारलं तर बऱ्याचदा दुरुस्त करता येण्याजोगा एखादा साधा दोष हाती लागतो.

पहिल्याच परिच्छेदाला घासत बसणं

सर्वांत जास्त कथा इथेच बंद पडतात. समजा, कथा अशी आहे: लग्नाला तीस वर्षं झालेली सुमन वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करायला भावाच्या गावी येते. लेखक पहिलं वाक्य लिहितो:

‘आभाळ भरून आलं होतं आणि अंगणातला प्राजक्ताचा सडा पावसाची वाट बघत होता.’

मग ‘भरून’ की ‘दाटून’, ‘सडा’ की ‘पखरण’, यात चार संध्याकाळी जातात. वाक्य तसं बरं आहे. (संपादकांच्या टेबलावर प्राजक्त आधीच पुष्कळ सांडलेला असतो, ते सोडा.) खरी अडचण अशी की सुमन सही करणार की नाही, हे लेखकाने अजून ठरवलेलंच नाही. ते ठरेपर्यंत त्याला कुठलंही पहिलं वाक्य चुकल्यासारखंच वाटणार. ठरलं, की असं काही सुचतं:

‘सुमनने आधार कार्ड आणलं होतं, पण भावाने मागितलं तेव्हा तिने पर्स उघडली नाही.’

हवामान गेलं आणि भांडण आलं.

तेव्हा पहिलं वाक्य तीनदा बदलूनही समाधान होत नसेल, तर ते आहे तसं सोडा. कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा: पात्राला आज काय हवंय, आड कोण येतंय, शेवटी काय बदललेलं असेल. तिसरी ओळ आत्ताच नाही सुचली तरी चालेल, पहिल्या दोन मात्र हव्यातच. मग ज्या प्रसंगासाठी कथा सुचली, तोच थेट लिहायला घ्या. इथे तो दुय्यम निबंधक कार्यालयातला: बाकावर शेजारी बसलेली वहिनी, नंबर लागायची वाट, कोणीच न काढलेला विषय. सुरुवात सगळ्यात शेवटी लिहिली, हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

लिहिणं आणि तपासणं एकाच बैठकीत

खर्डा लिहिताना मागचं वाचायचं ते फक्त कालच्या शेवटच्या परिच्छेदापुरतं. बैठक अर्ध्या तासाची ठेवा, उद्दिष्ट ३०० शब्दांचं. या हिशेबाने ३,००० शब्दांची कथा दहा बैठकांत, कच्ची का होईना, पुरी होते. रोज २,००० शब्दांचा संकल्प करणारे तिसऱ्या दिवशी चुकतात, आणि ते चुकणंच ‘आपण लेखक नाही’ याचा पुरावा म्हणून वापरतात.

लिहिताना एखादा तपशील अडला, उदाहरणार्थ हक्कसोडपत्राला साक्षीदार किती लागतात, तर लगेच गूगल उघडू नका. तिथे तीन फुल्या मारून पुढे चला आणि नंतर सगळ्या फुल्या एकदम शोधून भरा. उठण्याआधी पुढच्या प्रसंगाची एक ओळ लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही. टाइप करताना दर शब्दाला मागे जाऊन खोडायची सवय असेल तर मोबाइलवर मराठीत बोलून लिहा. विरामचिन्हांची वाट लागेल, नावं चुकीची उमटतील. पण मजकूर पुढे सरकेल, आणि संवाद तर तोंडीच बरे उतरतात.

शुद्धलेखनाची धास्ती

ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने लिहायचं थांबलेले लोक कमी नाहीत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे ४, असे मिळून नियम आहेत अवघे १८. त्यांची गरज तपासणीच्या शेवटच्या फेरीत. शिवाय पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहेच. तरीही नागपूरचा लेखक आपल्या पात्राला ‘काय करून राहिला बे?’ म्हणू देत नाही, त्याच्या तोंडी ‘काय करतो आहेस?’ घालतो, आणि मग संवाद निर्जीव का वाटतात म्हणून स्वतःवरच शंका घेतो. उलट, जी बोली कानावर नीट नाही ती अंदाजाने लिहू नका. तिच्यातल्या खात्रीच्या दोन-तीन लकबी पुरतात, फक्त त्या शेवटपर्यंत सांभाळा.

फेऱ्यांना अंत नसणं

खर्डा झाला की दोन आठवडे फाइल उघडायची नाही. ताजा मजकूर वाचताना डोळ्यांना मनातलंच दिसतं, कागदावरचं दिसत नाही. त्यानंतर तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत प्रत्येक प्रसंग एका ओळीत लिहा; ज्या प्रसंगातून काहीच बदलत नाही तो काढा किंवा जोडून टाका. दुसरीत संवाद मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथे खूण करा. तिसरी भाषेची आणि शुद्धलेखनाची. मागच्या फेरीत काढलेला शब्द या फेरीत परत आला, की काम झालं असं समजा आणि थांबा.

‘कशी वाटली?’ असं विचारणं

घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कथा टाकली की अंगठे आणि फुलं येतात, त्यातून काहीच कळत नाही. नेमाने कथा वाचणाऱ्या दोघांना द्या, तीही खर्डा पुरा झाल्यावरच. विचारायचं एवढंच: कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळ झाला, शेवट आधीच कळला का? दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा दुरुस्त करा. एकट्याचीच तक्रार असेल तर तुमचं तुम्ही ठरवा. ‘इथे असं घाल’ हे उपाय बहुधा चुकतात, पण ‘इथे अडलो’ ही तक्रार सहसा खरी असते.

आणि स्वतःच्या खर्ड्याची तुलना छापून आलेल्या कथेशी करू नका. ती छापली जाण्याआधी लेखकाच्या फेऱ्यांतून, आणि बरेचदा संपादकाच्या हाताखालूनही गेलेली असते.

न पाठवणं

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथाकाराला दरवर्षी एक आयती मुदत मिळते. तिचा फायदा घ्या. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी अंकांचं साहित्य कितीतरी आधी गोळा होतं, त्यामुळे गणपतीत लिहायला बसलात तर उशीर झाला. अंकाच्या आवाहनातली शब्दमर्यादा आणि फॉन्टची अट पाहा. युनिकोड मागितलं असेल तर वहीच्या पानांचे फोटो पाठवू नका. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. कथेचं नाव, शब्दसंख्या, अंक, पाठवल्याची तारीख वहीत टिपून ठेवा. पुष्कळ ठिकाणांहून नकारसुद्धा कळवला जात नाही, त्यामुळे उत्तर न येण्यावरून कथेची किंमत ठरवू नका. सांगितलेली मुदत उलटली, की एक नम्र मेल करून कथा मागे घ्या आणि पुढच्या अंकाला पाठवा. मधल्या काळात ती फाइल उघडायची नाही. दुसऱ्या कथेच्या तीन ओळी लिहायला घ्या.