ब्रेक लाइटचा स्विच बदलायला बसण्याआधी

नवा स्विच आणण्याआधी दोष खरंच त्याचाच आहे का, ते पाहून घ्या. कुणाला तरी गाडीमागे उभं करा आणि पेडल दाबा. कुणी नसेल तर अंधार पडल्यावर गाडीची मागची बाजू भिंतीजवळ लावा, लाल उजेड आरशात दिसतो. एकच दिवा लागत नसेल तर बहुधा बल्ब किंवा त्याचा होल्डर. डावा, उजवा, मधला असे तिन्ही एकदम गेले असतील तर आधी फ्यूज तपासा, मग स्विच. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तोही उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट होते आहे.

दिवे विझतच नसतील तर पायाखालची मॅट नीट बघा. स्विचचा दट्ट्या पेडलच्या दांडीवरच्या छोट्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या बटणावर टेकतो. जुनं झालं की हे बटण फुटतं, दट्ट्या दांडीतल्या बटणाच्या भोकातून आरपार जातो, दिवे लागलेलेच राहतात आणि रात्रभरात बॅटरी उतरते. मॅटवर त्याचे तुकडे सापडले तर फक्त बटण बदला, स्विच चांगला असू शकतो.

आता सामान. डोक्याला लावायचा टॉर्च हवाच, कारण डॅशबोर्डखाली पाठीवर पडून दोन्ही हातांनी काम करावं लागतं. स्विचला नट असेल तर त्या मापाचा पाना, आणि एक मल्टिमीटर, म्हणजे वीज जोडली जाते की नाही ते बीप वाजवून सांगणारं मीटर. इग्निशन बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या वायरी असतात.

दोन पिनांचा स्विच काढून मल्टिमीटर लावा: दट्ट्या मोकळा असताना बीप वाजायला हवा, दाबल्यावर थांबायला हवा. चार पिनांच्या स्विचमध्ये दुसरी जोडी बहुतेक वेळा उलट चालते. नवा घेताना जुना सोबत न्या, पिना आणि पार्ट नंबर जुळवा. काही स्विच बसवताना एकदाच आपोआप ॲडजस्ट होतात, म्हणून बसवायची पद्धत मॅन्युअलमध्ये आधी वाचा.

सगळ्यात जपायचं ते ॲडजस्टमेंटला. स्विच पेडलच्या दिशेने फार पुढे बसला तर दिवे उशिरा लागतात, शिवाय पेडल पूर्ण वर येत नाही, ब्रेक किंचित लागलेलेच राहतात आणि चाकं तापतात. बॅटरी जोडल्यावर पेडल हलकेच दाबा: ब्रेक धरण्याआधी तिन्ही दिवे लागले पाहिजेत आणि पाय उचलताच विझले पाहिजेत. तोवर गाडी रस्त्यावर नेऊ नका.