जुन्या स्केल मॉडेलवरचा वाळलेला गोंद कसा काढावा

दुसऱ्या कोणी जोडलेले स्केल मॉडेल, म्हणजे विमान, गाडी यांची प्रमाणात छोटी केलेली प्रतिकृती, विकत घेतले की सांध्यांतून ओघळून वाळलेला गोंद सर्वांत आधी नजरेत भरतो आणि तो लगेच खरवडून टाकावासा वाटतो. हा मोह आवरला पाहिजे. एका विमानाच्या पंखावरचा गोंदाचा थेंब मी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसायला घेतला, तेव्हा थेंबाच्या आधी त्याच्या शेजारच्या पॅनेलच्या रेषा आणि रिव्हेट विरघळले आणि पंखावर कायमचा खळगा राहिला. तेव्हापासून मॉडेल कशाचे आहे आणि गोंद कोणता आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मी कोणतीही बाटली उघडत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहसा सोपे असते. जोडणीच्या संचांतील बहुतेक मॉडेल पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची असतात आणि ते अ‍ॅसिटोन, थिनर व पेट्रोल यांसारख्या द्रावकांत (विरघळवणाऱ्या द्रवांत) खराब होते. ओतीव धातूच्या गाडीच्या धातूला अ‍ॅसिटोनने काही होत नाही, पण तिचा रंग उतरतो आणि प्लास्टिकच्या काचा धुरकटतात. रेझिनच्या मॉडेलवर आधी न दिसणाऱ्या जागी चाचणी घेऊनच पुढे जावे.

दुसऱ्या प्रश्नासाठी तिरपा उजेड आणि भिंग घ्यावे. काचेसारखा कडक, टणक थेंब आणि त्याच्याभोवती पांढरट धुके दिसले, तर तो सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे सुपरग्लू असतो. पिवळसर, गोलसर कडांचा जाड थर इपॉक्सीचा असण्याची शक्यता अधिक. नखाने दाबल्यावर रबरासारखा वाटणारा आणि ओला झाल्यावर दुधाळ होणारा थर पांढऱ्या गोंदाचा असतो. मेणासारखा गोळा आणि त्यातून निघालेले कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर तो गरम करून लावायचा गोंद समजावा. जिथे गोंद आणि प्लास्टिक यांच्यामध्ये सीमारेषाच सापडत नाही, पृष्ठभाग वितळून पुन्हा घट्ट झाल्यासारखा दिसतो, किंबहुना कधीकधी त्यावर कोणाच्या तरी बोटाचा ठसाही उमटलेला असतो, तिथे मॉडेलसाठीचे प्लास्टिक सिमेंट वापरलेले असते.

हा शेवटचा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण जुन्या मॉडेलांत तोच सर्वाधिक आढळतो आणि त्याच्याविषयीच सर्वाधिक गैरसमज असतात. प्लास्टिक सिमेंट दोन भागांच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवत नाही. त्यातील द्रावक दोन्ही बाजूंचे पॉलिस्टायरीन विरघळवतो, ते एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकसंध प्लास्टिक होऊन जातो. म्हणून तिथे दिसणारा डाग बहुतांशी मॉडेलचेच प्लास्टिक असते. केवळ तो डाग विरघळवील आणि मॉडेलला धक्का लावणार नाही, असे रसायन असूच शकत नाही. हे एकदा पटले की रसायनांच्या शोधात जाणारा वेळ वाचतो आणि काम पाते व पॉलिश पेपर यांच्याकडे वळते.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात साबणाच्या कोमट पाण्याने करावी. साठलेली धूळ निघाल्यावर गोंदाची खरी हद्द दिसू लागते आणि पांढरा गोंद असेल, तर अर्ध्या तासाच्या भिजवणीने तो मऊ होऊन दातकोरणीने सुटतो. उकळते पाणी मात्र वापरू नये. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि पातळ भाग त्याच्या बरेच आधी वाकतात.

पाण्याने न सुटणाऱ्या गोंदासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. आधी आतल्या बाजूला एक थेंब लावून काही मिनिटे थांबावे. जुना अ‍ॅक्रिलिक रंग आणि डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चिकटवलेली छापील चिन्हे, त्याने निघू शकतात, त्यामुळे रंग जपायचा असल्यास हा टप्पा टाळलेला बरा. गरम करून लावलेल्या गोंदाच्या कडेने अल्कोहोल सोडले की तो बहुधा अखंड गोळ्याच्या रूपात उचलला जातो.

सुपरग्लूसाठी थंडीचा उपयोग होतो. हवाबंद पिशवीत घातलेले मॉडेल घरच्या फ्रीझरमध्ये, म्हणजे साधारण उणे १८ अंशांवर, काही तास ठेवावे. मुळात ठिसूळ असलेला हा गोंद थंडीने आणखी ठिसूळ होतो आणि बाहेर काढल्याबरोबर सांध्यावर हलका पीळ दिला, तर पुष्कळदा कट्‌ आवाज होऊन तो सुटतो. गार प्लास्टिकही ठिसूळ होते, म्हणून तोफेची नळी, अँटेना, चाकांचे दांडे असे नाजूक भाग धरून जोर लावू नये. एका फेरीत सांधा सुटला नाही, तर मॉडेल पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावे. जोर वाढवू नये.

प्लास्टिक सिमेंटचा सांधा उघडायचाच असेल, तर तो कापावा लागतो. नव्या पात्याची पाठ सांध्याच्या रेषेवरून अनेकदा हलकेच ओढत खाच पाडावी आणि मग बारीक दातांची करवत किंवा दात साफ करण्याचा दोरा त्यात पुढेमागे फिरवावा. धारेचा रोख नेहमी धरणाऱ्या हातापासून दूर असावा. आत दडलेला, कोणाला न दिसणारा आणि काही बिघडवत नसलेला सांधा उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पृष्ठभागावरचा डाग उतरवताना उंच थर आधी पात्याने पातळ सोलावा आणि मग पाणी लावून ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने वापरावेत. घासण्याआधी जवळच्या रेषांवर चिकटपट्टी लावावी. सुपरग्लू आणि इपॉक्सी हे पॉलिस्टायरीनपेक्षा कडक असतात. बोटाने घासले तर आजूबाजूचे प्लास्टिक आधी झिजते आणि थेंब उंचवटा होऊन उरतो, म्हणून पेपर सपाट पट्टीला चिकटवून घासावे. पुसल्या गेलेल्या रेषा नंतर सुईने पुन्हा कोरता येतात. काचांवरचे सुपरग्लूचे धुके ही गोंदाची बाष्प बसून तयार झालेली पातळ साय असते. ती २००० पासून पुढच्या पेपरांनी आणि शेवटी पॉलिशने निघते. तिथे अ‍ॅसिटोन लावले, तर काच कायमची आंधळी होते.

जुन्या रंगांत शिसे असू शकते, त्यामुळे कोरडे घासणे टाळावे, मास्क घालावा आणि द्रावकांचे काम खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर करावे.

सर्व झाल्यावर मॉडेल पुन्हा धुऊन पूर्ण वाळवावे आणि दुरुस्त केलेल्या जागेवर करड्या प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एकच पातळ थर द्यावा. नुसत्या प्लास्टिकवर न दिसलेले ओरखडे आणि गोंदाच्या उरलेल्या कडा त्या करड्या थरात उठून दिसतात. तेवढ्याच जागा पुन्हा १००० नंबरच्या पेपरने घासून दुसरा थर द्यावा.