कार्यकर्त्यांच्या परिषदेला पहिल्यांदा जाताय? आधी आमच्या खताच्या खड्ड्याचं ऐका

कॉलनीत मीटिंग तुम्हीच बोलावता, सतरंजीही तुम्हीच अंथरता, आणि आता कुणीतरी म्हणालंय की वस्त्या-कॉलन्यांच्या कार्यकर्त्यांची परिषद आहे, जाऊन या. नक्की जा. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा नाशकातच. पण पहिल्या वेळी मी जे केलं ते करू नका.

तिथे पुण्याच्या एका सोसायटीने ओल्या कचऱ्याच्या खताचं फोटो लावून दाखवलं. खत काळंभोर, भुसभुशीत. मी खड्ड्याची लांबी-रुंदी, थर, पालापाचोळा किती, सगळं वहीत उतरवलं आणि पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत वर्गणी काढून मोकळ्या प्लॉटवर तसाच खड्डा बांधून घेतला. पंधरा दिवस रोज सकाळी मीच खालीवर करत होते. मग सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, मी आठ दिवस दवाखान्यात, झाकणाची किल्ली माझ्या पर्समध्ये आणि पाल्याचं पोतं कुठे ठेवलंय हे कॉलनीत एकालाही माहीत नाही. त्यात पाऊस लागलेला. लोकांनी कचरा झाकणावरच टाकला. परत आले तर अळ्या, वास, आणि शेजारच्या काकू दारात उभ्या. म्हणाल्या, "अगं, काम तू आम्हाला सांगितलंस कुठे? तू फक्त पैसे मागितलेस." ते अजून लागतं मला.

पुण्याच्या त्या सोसायटीत पगारी माळी होता. फोटोत तो नव्हता, आणि मी विचारलंच नव्हतं. म्हणून परत परत सांगते, समोरच्याने काय बांधलं हे नंतर विचारा, आधी विचारा की रोज सकाळी त्यात हात कोण घालतं, तो गावाला गेला तर कोण, किल्ली कुणाकडे, पहिल्या वर्षी काय बिघडलं, कोण रागावून बाहेर पडलं. स्टेजवर हे येत नाही, कुणी लपवतं म्हणून नाही, वीस मिनिटांत मावत नाही म्हणून. चहाच्या वेळी गाठा. लोक भडाभडा बोलतात, घाबरू नका.

दुसऱ्या वेळी तसंच केलं तर सातपूरच्या एक ताई भेटल्या. त्यांच्याकडे खाकी कव्हरची दोनशेपानी वही, एका घराला एक ओळ. शिडी कुणाकडे, नर्स कोण, रात्री गाडी कोण काढतं, एकटं कोण राहतं. "काय नाही ते सगळ्यांना पाठ असतं, काय आहे ते लिही," म्हणाल्या. याला अमेरिकेत १९९० च्या दशकापासून एबीसीडी असं नाव आहे, अ‍ॅसेट बेस्ड कम्युनिटी डेव्हलपमेंट, पण ताईंना ते नाव परिषदेतच कळलं, वही आधीपासून होती.

भिवंडीचंही समजून घ्या. १९७० आणि १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनी पोळलेलं गाव. पुढे १९८८ मध्ये तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्हीकडची साधी माणसं काही घडलेलं नसतानाही नियमित भेटत राहिली, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशी ओळख होत नाही, माझं हे मत कुणी बदलू शकणार नाही. गुरू करायचाच तर जो अजून स्वतः दारोदार फिरतो तो करा, नुसता हार घालून घेणारा नको.

आणि पहिला उपक्रम फसला तर सोडू नका हो, खरंच. आमचा खड्डा रिकामा करून धुतला, दोन महिने बंद ठेवला, मग घरोघर जाऊन विचारलं की कुणाला कोणता वार जमेल. सात वारांना सात घरं मिळाली. किल्ली आता पिठाच्या गिरणीत खिळ्याला असते. गेल्या श्रावणात मी आठ दिवस माहेरी होते, पाला संपला तर काकूंनी नातवाला घेऊन गार्डनमधून दोन पोती आणली, मला फोनसुद्धा केला नाही.