फटीत पुटी भरू नका! लाकडी होडी आणि शीड शिकताना या चुका टाळा

दिवाळी आटपली की आमच्या खाडीवर हौशी मंडळी यायला लागतात. पुण्याची, मुंबईची, हल्ली बेंगळुरूचीसुद्धा. मे २०२५ मध्ये नौदलाचं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज कारवारला दाखल झालं तेव्हापासून तर जास्तच. अजिंठ्याच्या भिंतीवरचं पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र समोर ठेवून केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखाली कारागिरांनी गोव्यात काथ्याने फळ्या शिवून ते उभं केलं. व्हिडिओ बघून माणूस भारावतो, मीही भारावलो होतो. पण पुढे काय होतं? शनिवारी सकाळी एकजण गाडीतून उतरतो आणि होड्या बांधणाऱ्या मिस्त्रींना विचारतो, "काका, रविवार संध्याकाळपर्यंत शिवायचं शिकवाल का?"

कौंडिण्यचा पठाण, म्हणजे सगळ्यात खालचा कणा, पडला सप्टेंबर २०२३ मध्ये. जहाज पाण्यात उतरलं फेब्रुवारी २०२५ मध्ये. सतरा महिने, तेही पिढीजात हात असलेल्यांना लागले. शिवाय आमचे मिस्त्री होड्या शिवत नाहीत, खिळ्यांवर उभ्या करतात, हे त्या माणसाने विचारलंही नव्हतं.

मी स्वतः मिस्त्री नाही. सिंधुदुर्गातल्या एका खाडीवर बारा वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली लाकडं उचलतोय आणि एका म्हाताऱ्या तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखाच्या, होडीत बसून बोलणी खातोय. खालच्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्यात, म्हणून त्या दुसऱ्याने केल्या की लगेच ओळखू येतात आणि डोकं फिरतं.

फटीत पुटी भरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. दर वर्षी निदान एकजण तरी करतोच.

तिसऱ्या वर्षी मी अठरा फुटांची एक जुनी होडी घेतली. जानेवारीपासून ती एका आवारात उन्हात पालथी पडली होती. एप्रिलमध्ये बघायला गेलो तेव्हा दोन फळ्यांच्या मधून पलीकडचा माड दिसत होता. मला वाटलं होडी मेली. मिस्त्री तेव्हा मुलीकडे गेले होते आणि मला धीर नव्हता. बाजारातून एपॉक्सीची पुटी आणली, दोन दिवस बसून एकूण एक फट गच्च भरली, घासली, वर निळा रंग मारला. पाण्यात सोडली तर आत थेंब नाही! मी चार जणांना फोटो पाठवले.

चौथ्या रात्री होडी करकरायला लागली. सहाव्या दिवशी तळाकडून तिसरी फळी वांकावरून सुटून वर आली होती, खिळे उपटले होते आणि एक वांक (होडीच्या बरगडीला वांक म्हणतात) आडवा चिरला होता. मिस्त्री आले, बॅटरी मारून बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी पिल्यार फळी फुगतली. तिका जागा खंय ठेवलंस?"

एवढंच आहे ते. लाकूड सुकलं की रुंदीत आकसतं, भिजलं की फुगतं. लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही, सगळा खेळ रुंदीचा. उन्हात पडलेल्या होडीच्या फटी ही खोट नव्हे, ते तिचं तहानलेपण आहे. पाण्यात गेली की फळ्या फुगून एकमेकींना भिडतात आणि फट आपोआप मिटते. त्या फटीत तुम्ही दगडासारखं काही भरलंत, तर फुगणारी फळी जाणार कुठे? दगड दबत नाही. मग खिळा उपटतो, नाहीतर वांक फुटतो.

म्हणून फटीत भरायचं ते दबणारं हवं. तेलात भिजवलेला कापूस, वरून तेलात कढवलेली राळ. तोही ठोकून ठोकून भरायचा नाही. नवशिक्याच्या हातात मोगरी आली की तो भिंतीत खुंटी मारल्यासारखा मारतो. कापूस इतका कोंबला तर त्याचीही पुटीच होते. मिस्त्रींचा ठोका ऐकाल तर टक-टक असा हलका येतो, आणि फट भरत आली की आवाज बदलतो. तो बदल ऐकू यायला मला दोन हंगाम लागले.

माझी आताची सवय सांगतो. होडी फार सुकली असेल तर आधी आठवडाभर आतून-बाहेरून ओली गोणपाटं टाकतो, वर झावळ्या. मग भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, खाडीच्या कडेला उथळ पाण्यात तिला सरळ बुडवून ठेवतो. चार-पाच दिवस. लोक विचारतात, होडी बुडाली का? हो, मीच बुडवली. बाहेर काढून पाणी उपसल्यावर जी फट उरते, तेवढीच भरायची. बहुतेक वेळा मूठभर कापूससुद्धा लागत नाही.

माझ्या त्या होडीतली पुटी पटाशीने खरवडून काढताना फळ्यांच्या कडाही गेल्या. दुरुस्तीला दीड महिना लागला आणि जेवढ्याला होडी घेतली होती त्याहून जास्त पैसे गेले. आणि हो, जुन्या फळ्यांच्या होडीवर बाहेरून फायबरचं कातडं चढवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. आतल्या लाकडात ओल कोंडते, कुजतं, आणि बाहेरून तुम्हाला ते दिसत नाही.

ओलं लाकूड

वखारीतून आलेलं लाकूड त्याच महिन्यात कापायला घेऊ नका. मिस्त्री फळीवर तळवा ठेवतात, नाकाशी धरतात आणि म्हणतात, "अजून रडता हा." मग ती फळी पुन्हा सावलीत, खाली आडव्या पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी. उन्हात नाही! उन्हात वाळवलेली फळी टोकाला चिरते. अमावास्येच्या आसपास तोडलेल्या झाडाला कीड लागत नाही असं आमच्याकडे मानतात. मी त्यावर वाद घालत नाही, तेवढ्याने का होईना माणूस थांबायला शिकतो.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. साग चांगला होता हे खरंच. पण सागाचं नाव घेऊन ओलं लाकूड विकणारे आमच्या तालुक्यातही आहेत.

सरळ फळीतून वांक कापणं

यूट्यूबवर पाहून एका मुलाने जिगसॉने सरळ फळीतून इतके सुंदर गोलाकार वांक कापले की मला हेवा वाटला. पहिल्याच लाटेच्या आपटीत तीन मोडले. लाकडाची ताकद त्याच्या रेषांत असते. रेषा सरळ आणि तुकडा गोल असेल, तर वळणावर रेषा तुटलेल्याच असतात, तिथेच तो मोडतो. म्हणून वांक झाडावरच शोधायचा. मिस्त्रींबरोबर रस्त्याने चाला, ते माणसं बघत नाहीत, फांद्यांचे कोपरे बघत चालतात. कुणाच्या कुंपणावरच्या बाभळीचा कुठला कोपरा पाच वर्षांनी उपयोगी पडेल हे त्यांना आज ठाऊक असतं. माझ्याकडेही आता वाकड्या फांद्यांचा ढीग आहे. बायको त्याला सरपण म्हणते.

थोडक्यात आणखी काही

खिळा मारण्याआधी भोक पाडा. सामता नसेल तर ड्रिल चालेल, मी तेवढा कर्मठ नाही. खिळ्याच्या डोक्याखाली तेलातल्या सुताचा वेढा घ्या.

फळीला फळी बसवताना नुसत्या डोळ्यावर जाऊ नका. एका कडेला गेरू लावा, दुसरी फळी टेकवून उचला, जिथे रंग उमटला तिथे तासा. पुन्हा लावा. कंटाळा येईपर्यंत हेच, आणि कंटाळा आल्यावर अजून दोनदा.

मिस्त्रींकडे ड्रॉइंग मागू नका. पठाणाची लांबी ठरली की बाकीची मापं त्यांच्या हातात आणि डोळ्यात असतात. तुम्ही ती वहीत उतरवून घ्या, पण ते काम संपल्यावर, वाकस (लाकूड तासायचं हत्यार) चालू असताना नाही.

आणि त्यांची दिवसाची मजुरी द्या. "आम्ही तुमची कला जगासमोर आणतोय" हे वाक्य मी खाडीवर चार वेळा ऐकलंय. चारही वेळा चहाचे पैसे मिस्त्रींनी दिले.

दामण बांधून ठेवणं

आता पाण्यावरची चूक. शिडाचा खालचा कोपरा ज्या दोरीने आवळतात ती दामण. वारा वाढला की ती सैल सोडायची, शीड फडफडतं, होडी सरळ होते. याच्यापेक्षा सोपं काही नाही, आणि तरीही प्रत्येक नवशिका अर्ध्या तासात हात दुखले म्हणून ती कुठेतरी बांधतो.

मीही बांधली. डिसेंबर होता, बरोबर भाचा होता. सकाळी मतलई वारा जमिनीकडून मऊ येत होता, आम्ही आरामात बाहेर गेलो. परतताना दुपारी दोनचा सुमार. भाच्याने डबा उघडला, मला दोन्ही हात हवे होते. दामण बाकाला दोन गाठी मारून ठेवली. वायव्येचा वारा त्या वेळेला वाढतो हे मला पाठ होतं, अगदी वहीत लिहिलेलं होतं. पहिला झोत आला तेव्हा होडीची कड पाण्याला लागली. मी गाठीवर झडप घातली, पण ओली गाठ ताणाखाली सुटते होय? सुरी डब्याच्या पिशवीत, पिशवी पाण्यात. पुढच्या झोताला आम्ही उलटलो.

पाऊण तास पालथ्या होडीला धरून होतो. (लाकडी होडी भरली तरी तरंगते. तिला सोडून किनाऱ्याकडे पोहायला कधीही निघू नका, किनारा दिसतो त्याच्या दुप्पट लांब असतो.) एका मच्छीमार होडीने आम्हाला ओढून आणलं. संध्याकाळी तांडेल घरी आले. भाच्याची चौकशी केली, मग मला एकच विचारलं, "दामण खंय होती?"

"बांधलेली."

"मगे बुडलंस ता बरा झाला." आणि उठून गेले.

आता मी दामणीचा एकच वेढा खुंटीला घेतो आणि शेपूट हातात. गळ्यात दोरीने सुरी असते. लोक हसतात, चाकू लटकवलेला म्हातारा म्हणतात. म्हणू देत. जॅकेटही अंगात असतं, बाकाखाली नाही.

ॲपवरची भरती

ॲप वाईट नाही, पण ॲप बघून खाडीचं तोंड कळत नाही. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर चाललंय आणि समोरून दुपारचा वारा येतोय, तर तोंडावर पाणी उभं राहतं. लाटा आखूड, उंच, एकीवर एक. ॲपवर त्याच वेळेला 'वारा मध्यम' लिहिलेलं असतं. म्हणून परतायचं ते पाणी आत चढत असताना, आणि तसं जमत नसेल तर बाहेर थांबायचं.

तिथीचं गणित तरी शिकून घ्या. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. हा हिशेब मुंबईकडचा, दक्षिणेला यावं तशी भरती थोडी आधी लागते, तेव्हा आपल्या खाडीवर महिनाभर स्वतः टिपून ठेवा. विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडीत खडक कापून केलेली जुनी गोदी आहे, ती एकदा बघून या. उधाणाच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीने ते कोरडं पडू द्यायचं. क्रेन नाही, काही नाही, नुसतं पंचांग.

क्लबात शिकलेलं वळण

ज्यांनी आधी क्लबातल्या डिंगीवर, म्हणजे लहान शिडाच्या होडीवर, काम केलंय त्यांना ही खोड असते. वारा समोर घेऊन झटकन तोंड फिरवतात. आपल्या त्रिकोणी शिडाचं परबाण, म्हणजे ज्या तिरक्या काठीला शीड बांधतात ती, डोलकाठीच्या एका बाजूला असतं. असं वळलात तर अख्खं शीड डोलकाठीवर चिकटून बसतं. इथे वारा पाठीवर घेऊन वळायचं आणि परबाण डोलकाठीपुढून पलीकडे न्यायचं. दोन माणसं लागतात, सराव लागतो, आणि पहिल्या दहा वेळा तुमच्या डोक्याला काठी लागणार.

वारा वाढला तर हे शीड गुंडाळून लहान करता येत नाही. बरोबर लहान शीड ठेवावं लागतं. दोन शिडांचा खर्च परवडत नसेल तर वाढत्या वाऱ्यात जाऊ नका, खाडीतच वल्ही मारा, त्यातही शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

यायचंच असेल तर जूनमध्ये येऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर काढून झापांखाली गेलेल्या असतात आणि मिस्त्री भाताच्या लावणीत. नारळी पौर्णिमेनंतर या, नाहीतर एप्रिल-मेमध्ये होड्या वर काढायच्या वेळेला. तेव्हा तळ खरवडायला माणसं कमी पडतात. खरवडणी घरून आणा, आमच्याकडे दोनच आहेत आणि एकीचा दांडा मोडलाय.